सारख्या वजनाची उत्तरं

नवी आवृत्ती बसवल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी शिवानंद मुरदंडे चहाला नको म्हणाले.

शैलजाने चमचा कपातच धरून ठेवला. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"साखर कमी झाली का?"

"नाही," शिवानंदांच्या छातीवरची डबी म्हणाली.

"मग थोड्या वेळानं देऊ?"

"नको."

तिने कप टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. शिवानंद छताकडे बघत होते. चेहऱ्यावर काही दिसायची सोय नव्हतीच, कारण चेहरा साडेचार वर्षांपूर्वीच थांबला होता.

तेव्हा मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि दोन तासांत सगळं गेलं. हात, पाय, जीभ, ओठ. डोळे आणि पापण्या तेवढ्या राहिल्या. पुढे तीन महिन्यांनी गिळणं थोडंफार परत आलं. आत मात्र माणूस शाबूत होता. सगळं ऐकत होता, सगळं समजत होता. मिरजेच्या डॉक्टरांनी मग त्यांच्या मेंदूवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी एक पट्टी बसवली. माणूस बोलायच्या तयारीत असतो तेव्हा मेंदूच्या त्या भागात बारीक हालचाल होते, ती ही पट्टी पकडते. छातीवर अडकवलेल्या डबीतला प्रोग्रॅम त्या हालचालीवरून ओळखतो, की याला काय म्हणायचंय, आणि डबी ते बोलून दाखवते. आवाज शिवानंदांच्याच जुन्या रेकॉर्डिंगांवरून बनवला होता. त्यातली बरीचशी कामगारांवर ओरडतानाची होती, म्हणून तंत्रज्ञांना तो बराच खाली आणावा लागला.

इचलकरंजीत शिवानंद यंत्रमागांचे जॉबर म्हणून नावाजलेले. बंद पडलेला माग त्यांनी नुसता कानाने ऐकून दुरुस्त करावा, असा हात. पण तोंड फार कडू. घरात तर 'नाही' हा त्यांचा पहिला शब्द. शैलजाने माहेरी चार दिवस राहायचं विचारलं तर नाही, शिवणाच्या वर्गाला जायचं विचारलं तर नाही, गॅलरीत कुंड्या ठेवायच्या म्हटलं तरी आधी नाही. तेहतीस वर्षं ती प्रत्येक गोष्ट विचारण्याआधी मनात तीनदा म्हणून बघायची, आणि बहुतेक वेळा विचारायचीच नाही.

डबी आली आणि शिवानंद निवळले. "चालेल," म्हणायचे. "हो, बघ की." "तुला बरं वाटेल तसं." मोठ्या आजारात माणूस मऊ होतो, असं डॉक्टर म्हणाले. शेजारणी म्हणाल्या, देवानं एक घेतलं आणि एक दिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने एका दुपारी धीर करून विचारलं, "नगरपालिकेच्या तलावावर बायकांची पोहण्याची बॅच निघालीय. तीन ते चार. जाऊ का?" डबी म्हणाली, "जा." तेव्हापासून आठवड्याचे पाच दिवस ती जात होती. शेजारची सुमन तेवढा वेळ शिवानंदांजवळ बसायची. पहिल्या महिन्यात शैलजाच्या नाकातोंडात पाणी गेलं, दुसऱ्या महिन्यात ती तरंगली. पाण्यावर पाठ टेकून ती पहिल्यांदा आभाळाकडे बघत राहिली, तेव्हा तिला वाटलं, आपला संसार आत्ता कुठे सुरू झाला.

आणि आता हे. चहा नको. खिडकी उघडू नको. सुमनला बोलवू नको. सगळ्यालाच नकार नव्हता. कधी चालेल, कधी नको. पण काय निघेल ते आधी सांगता येत नव्हतं.

रविवारी पुण्याहून सारंगचा फोन आला. तो त्यांचा एकुलता मुलगा. आईवडिलांनी इचलकरंजी सोडून पुण्याला आपल्या इमारतीत तळमजल्यावर राहायला यावं, हे त्याने दिवाळीत ठरवलं होतं. घर आणि मागाची शेड विकायची, त्यासाठी दोघांनी त्याला मुखत्यारपत्र द्यायचं. दिवाळीत त्याने वडिलांना विचारलं होतं आणि ते "चालेल" म्हणाले होते. त्यात लपवाछपवी नव्हती. रात्री-अपरात्री फोन वाजला की त्याला पाच तास गाडी चालवत यावं लागे, आणि आईचंही आता वय होत होतं.

"बाबा, अठरा तारखेला नोंदणीवाले घरी येतायत. तुम्ही फक्त एकदा त्यांच्यासमोर सांगायचं. ठीक आहे ना?"

"नाही," डबी म्हणाली.

सारंग म्हणाला, "आई, त्या अपडेटनं काहीतरी बिघडवलंय. मी वाचलंय, तीस दिवसांच्या आत जुनी आवृत्ती परत बसवून मिळते. सांभाळणाऱ्याची सही लागते फक्त. तू फॉर्म मागव."

शैलजाने फॉर्म मागवला. फॉर्मबरोबर दवाखान्याच्या यंत्र विभागातून तबस्सुम मुजावरही आली. तिशीची मुलगी, चार वर्षं हीच डबी तपासायला येत होती. तिने लॅपटॉप जोडला, तासभर तपासणी केली आणि म्हणाली, "काकू, डबीत काही बिघाड नाही."

"मग हे वेगळं कसं बोलतात?"

"प्रोग्रॅम तोच आहे. एक अक्षर बदललेलं नाही. बदललाय तो रनटाइम." तबस्सुमने क्षणभर शब्द शोधले. "म्हणजे बघा, प्रोग्रॅम एका भाषेत लिहिलेला असतो. त्या भाषेचे नियम एका पुस्तकात असतात. पण नियम म्हणजे नुसता कागद. तो प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारं जे असतं तो रनटाइम, आणि एकाच भाषेचे रनटाइम वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले असतात. जुना फार बॅटरी खायचा, रोज चार्ज करावं लागायचं. नवा आठवडाभर चालतो. म्हणून कंपनीनं तो घातला."

"कार्ड तेच," डबी अचानक म्हणाली. "माग वेगळा."

तबस्सुमने शिवानंदांकडे वळून पाहिलं आणि हसली. "बरोबर, काका. नक्षीचं कार्ड तेच, माग वेगळा."

"काठ वेगळा येतो," डबी म्हणाली.

"कापड मात्र नियमाप्रमाणंच असतं," तबस्सुम म्हणाली. मग तिने शैलजाला नीट समजावून सांगितलं. शिवानंद काही म्हणायच्या तयारीत असले की प्रोग्रॅम एकच वाक्य ओळखत नाही. आठ-दहा शक्य वाक्यं तयार करतो. त्यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे त्या भाषेत एक ऑब्जेक्ट. एक स्वतंत्र वस्तूच म्हणा, जिच्यावर तिचं वजन लिहिलेलं असतं. किती खात्री आहे त्याचं वजन. या सगळ्या वस्तू एका पिशवीत टाकायच्या आणि सगळ्यात जड असेल ती बाहेर काढून बोलायची.

"आणि दोन सारख्याच जड असल्या तर?" शैलजाने विचारलं.

"तिथंच तर आहे सगळं. प्रोग्रॅममध्ये लिहिलंय, की आधी हाताला लागेल ती घ्या. पण पिशवीतून वस्तू कुठल्या क्रमानं हाताला लागतील, हे भाषेच्या पुस्तकात सांगितलेलंच नाही. उलट क्रमावर भरवसा ठेवू नका, असं लिहिलंय. जुना रनटाइम सवयीनं टाकलेल्याच क्रमानं काढायचा. आणि टाकताना होकाराचे शब्द आधी टाकले जायचे, कारण फार पूर्वी कुणीतरी शब्दांची यादी करताना ते वर लिहिले होते. नवा रनटाइम वस्तू मेमरीत जिथं पडली असेल त्या जागेवरून क्रम लावतो. त्यामुळं कधी हे निघतं, कधी ते."

"म्हणजे जुन्यात बरोबरी झाली की..."

"की नेहमी हो निघायचं," तबस्सुम म्हणाली.

शैलजाने डबीकडे पाहिलं. "असं किती वेळा झालं असेल?"

"डबीत नोंद असते. पण ती काकांची आहे, त्यांना विचारावं लागेल. काका, उघडू?"

"उघड," डबी म्हणाली.

चार वर्षांत एक हजार सातशे बारा वेळा बरोबरी झाली होती. त्यातल्या नऊशेहून जास्त ठिकाणी एका बाजूला होकार होता आणि दर वेळी तोच बोलला गेला होता. तबस्सुमने आकडे सपाट आवाजात वाचले. शैलजाच्या मनात एकेक गोष्ट येत होती. भाचीच्या लग्नासाठी ती सोलापूरला चार दिवस राहिली होती. सासूचं जुनं कपाट देऊन टाकलं होतं. गॅलरीत आता अकरा कुंड्या होत्या. तिने एकच गोष्ट विचारली. तलावाचं विचारलं ती तारीख तिला पाठ होती, अक्षय्यतृतीयेनंतरचा सोमवार, जेवणानंतरची वेळ.

तबस्सुमने पडदा खाली सरकवला. "दोन वाक्यं आहेत. 'जा' आणि 'कशाला'. दोन्ही सत्तेचाळीस."

शैलजाने मान डोलावली.

"एक सांगू का, काकू?" तबस्सुम लॅपटॉप मिटता मिटता म्हणाली. "डबी चुकीचं बोलली तर काकांना खोडता येतं. दोन्ही डोळे घट्ट मिटून दोन सेकंद धरले की डबी म्हणते, 'तसं नाही.' त्यांनी चार वर्षांत साडेतीनशे वेळा खोडलंय. इथं खोडल्याची नोंद नाही. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला सांगता येणार नाही. मी यंत्रापुरतं सांगते."

जाताना तिने डबीच्या कडेचा, फक्त तंत्रज्ञांसाठी असलेला पिवळा दिवा चालू करून दिला. बरोबरी झाली की तो लागणार होता. प्रोग्रॅममध्ये मात्र तिला हात घालता येत नव्हता. तिने कंपनीला कळवलं, आणि चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, की यंत्राचं वर्तन भाषेच्या नियमांना धरूनच आहे, सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेल्या आहेत. ते खरंही होतं. सारख्या वजनाच्या दोन उत्तरांपैकी कुठलंही आलं तरी चाचणीत ते बरोबरच धरलं जाई.

फॉर्म टेबलावर पडून राहिला. शैलजा रोज तो उचलून बघायची. जुनी आवृत्ती परत आली तर सगळं पूर्ववत होणार होतं. चहा, खिडकी, तलाव. सारंगचंही काम होणार होतं. फक्त आता तिला ठाऊक होतं.

तिने शिवानंदांनाच विचारून पाहिलं. "तुम्हाला जुनं हवं की हेच राहू द्यायचं?" डबी म्हणाली, "जुनं," आणि पिवळा दिवा लागला. संध्याकाळी पुन्हा विचारलं, तर डबी म्हणाली, "हेच." दिवा तेव्हाही लागला.

दुसऱ्या दिवशी ती तलावावर गेली नाही. जेवणं झाल्यावर तिने डबी बंद केली आणि माळ्यावरून अक्षरांचा पुठ्ठा काढला. डबी येण्याआधीच्या पाच महिन्यांत दोघं त्यावर बोलत असत. तिने ओळीवर बोट ठेवायचं, हवी ती ओळ आली की शिवानंदांनी पापणी मिटायची. मग अक्षर, मग मात्रा. एका शब्दाला पाच-सात मिनिटं लागत. तेव्हा दोघंही त्या पुठ्ठ्याला वैतागले होते.

"मी पोहायला जाऊ का विचारलं होतं," शैलजा म्हणाली. "जा म्हणालात. ते तुम्ही म्हणालात, की डबी म्हणाली?"

बोट ओळींवरून फिरू लागलं. पहिलं अक्षर ड आलं, मग बी.

तिने पुठ्ठा मांडीवर ठेवला. शिवानंदांचे डोळे तिच्यावरून हलले नाहीत, म्हणून तिने तो पुन्हा उचलला.

मी ऐकलं, असं पुढे आलं. मग बऱ्याच वेळाने, बरं वाटलं.

"कशाचं बरं वाटलं?"

या एका उत्तराला वीस मिनिटं लागली. मध्येच शिवानंदांचे डोळे पाण्याने भरले आणि तिला ते पुसावे लागले, म्हणून पुन्हा सुरुवातीपासून. शेवटी आलं, मी तसं म्हटल्याचं.

शैलजा उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि परत आली. तेहतीस वर्षं हा माणूस जे म्हणू शकला नव्हता ते एका यंत्राने त्याच्या आवाजात म्हटलं होतं, आणि त्याने ते ऐकून खोडलं नव्हतं. तिला राग आला होता. कुणाचा ते मात्र नीट ठरवता येत नव्हतं. इतकं सोपं होतं, तर आधी का नाही, असंही तिला वाटून गेलं. पण तो प्रश्न पुठ्ठ्यावर विचारण्याएवढा धीर तिच्यात नव्हता.

"आता घराचं," ती म्हणाली. "पुण्याला जायचं का?"

तू, असं आलं. ती थांबली. मग पुढे आलं, सांग.

"मी काय सांगू? घर तुम्ही बांधलंय."

तू सांग, असं पुन्हा आलं. आणि मग त्यांनी डोळे मिटले. दमले होते की बोलणं संपलं होतं, ते तिला कळलं नाही.

अठरा तारखेला सकाळी सारंग आला. अकरा वाजता निबंधक कार्यालयातून चौगुले नावाचे कर्मचारी गृहभेटीला आले. डबीतून बोललेलं वाक्य हे त्या माणसाचंच निवेदन मानायचं, असा कायदा होऊन आता सहा वर्षं झाली होती. चौगुल्यांनी कॅमेरा मांडला, कागद उघडले.

"जुनी आवृत्ती बसवलीस ना?" सारंगने हळूच विचारलं.

"नाही," शैलजा म्हणाली.

त्याने काही बोलायच्या आधीच चौगुल्यांनी सुरुवात केली. "शिवानंद बसाप्पा मुरदंडे. तुमच्या मालकीचं घर आणि शेड विकण्याचे अधिकार तुम्ही मुलाला देत आहात. तुमची संमती आहे?"

शिवानंदांचे डोळे शैलजाकडे वळले. डबी म्हणाली, "चालेल."

पिवळा दिवा लागला. दिव्याचा अर्थ चौगुल्यांना ठाऊक नव्हता; सारंगला तो तिने फोनवर सांगितला होता. पण त्याने दिव्याकडे पाहिलं नाही. शैलजा नवऱ्याच्या पापण्यांकडे बघत राहिली. दोन सेकंद गेले, चार गेले. पापण्या मिटल्या नाहीत.

चौगुले लिहू लागले. "मिळकत दोघांच्या नावावर आहे. बाई, तुमचीही संमती आहेच," असं म्हणून त्यांनी न बघताच कागद तिच्यापुढे सरकवला.

"नाही," शैलजा म्हणाली.

चौगुल्यांचं पेन थांबलं.

"आई?" सारंग म्हणाला.

"माझी संमती नाही. तसं लिहा."

"बाबा हो म्हणाले ना?"

"ते अर्धं हो होतं. दिवाळीतलंही अर्धंच होतं, यांना विचारून मी तबस्सुमकडून ती नोंदही काढून घेतलीय. पण ते राहू दे. त्यांचं पूर्ण हो असतं, तरी माझं नाही आहे." तिने कागद चौगुल्यांकडे परत सरकवला. "मला इथंच राहायचंय. माझी माणसं इथं आहेत. दुपारचा माझा एक तास इथं आहे. पुण्याला मी तुझ्या तळमजल्यावर खिडकीत बसून राहीन."

चौगुल्यांनी दोघांकडे पाहिलं, कागदावर एक ओळ लिहिली, तिला वाचून दाखवली आणि तिची सही घेतली. मग कॅमेरा आवरून ते निघाले. चहा घेऊन जा म्हटलं तर अजून दोन घरं आहेत म्हणाले.

सारंग खुर्चीत बसून राहिला. "तुला नको होतं, तर दिवाळीत का नाही बोललीस?"

शैलजाने विचार केला. "तू मला विचारलं नव्हतंस. आणि मलाही वाटलं, यांनी हो म्हटलंय, म्हणजे झालं. नाही म्हणाले की गप्प बसायचं, आणि हो म्हणाले तरी गप्पच बसायचं. ही सवय माझी आहे, डबीची नाही."

"आणि रात्री काही झालं तर? मी पाच तासांवर आहे."

"ते खरं आहे," ती म्हणाली.

"बरं झालं," डबी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. दिवा विझलेला होता.

"काय बरं झालं, बाबा?"

"बोलली," डबी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "सारंग जेवून जाईल."

शैलजा पानं घ्यायला उठली. भाकरी वाढता वाढता तिने टेबलावरचा फॉर्म घडी करून रद्दीत टाकला. तीस दिवसांतले अजून नऊ उरले होते. आता काही प्रश्नांना दिवा लागणार, आणि दर वेळी पुठ्ठा काढायला वेळ मिळणार नाही, हे तिला दिसत होतं. काही दिवस चहा नकोच असणार होता.

सारंग मान खाली घालून जेवत होता. रागावला होता, पण दुसरी भाकरी त्याने मागून घेतली.

"पुढच्या महिन्यात सोलापूरला मुलीचं बारसं आहे," शैलजा म्हणाली. "भाचीच्या. मी तीन दिवस जाणार. तेवढे दिवस तू इथं येऊन बाबांजवळ राहा."

"बघतो."

"बघतो नको. हो की नाही, ते सांग."

सारंगने घास खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. ती वाट बघत उभी होती, हातात भाजीचं भांडं तसंच.

"हो," तो म्हणाला, आणि फोन काढून त्याने तारीख लिहून घेतली.